‘नाही’नंतर वाजणारं गाणं

चिपळूणला जन्मलेल्या एका दंतवैद्याने एकेकाळी अख्ख्या महाराष्ट्राच्या काळजाचा ठोका चुकवला होता. डॉ. काशीनाथ घाणेकर यांनी पदवी घेतली ती दातांची, पण नाव झालं ते ‘अश्रूंची झाली फुले’ नाटकातल्या लाल्यामुळे आणि ‘मधुचंद्र’सारख्या चित्रपटांमुळे. ‘ठोका चुकणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. आज तो जरा शब्दशः घेऊ. प्रेमगीत कानावर पडलं किंवा पडद्यावर नायिकेने मागे वळून पाहिलं की आपल्या शरीरात काय होतं? आणि त्यातलं काय घरी न्यावं, काय थिएटरातच सोडून यावं?

प्रश्न हलकाफुलका वाटतो, पण तसा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी साधारण साडेचार टक्के प्रकरणांत कारण म्हणून ‘प्रेमप्रकरण’ लिहिलेलं आहे. म्हणजे वर्षाला साडेसात हजारांवर माणसं. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण बसतं, प्रत्यक्षात कुणी एकाच कारणाने जीव देत नाही, हे खरं. तरीही आकडा लहान नाही. शिवाय कुणीतरी रोज मागे येतो म्हणून ज्या मुली एसटीची वेळ बदलतात, क्लास सोडतात, घरी मात्र ‘सर नीट शिकवत नाहीत’ असं सांगतात, त्या या आकड्यात कुठेच नाहीत.

आधी गाण्याकडे वळू, कारण तिथली बातमी चांगली आहे.

आंबा कापायच्या आधी

कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोर या संशोधकांनी २००१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या संगीताने अंगावर हमखास काटा येतो ते संगीत लोकांना स्वतःलाच निवडायला सांगितलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. काटा येण्याच्या क्षणी मेंदूतले जे भाग जागे झाले, ते चविष्ट जेवण, लैंगिक सुख आणि मादक पदार्थ यांना प्रतिसाद देणारेच होते. दहा वर्षांनी त्याच गटातल्या व्हॅलरी सालिमपूर यांनी पुढचा टप्पा दाखवला. संगीत ऐकताना मेंदूत डोपामाइन स्रवतं, आणि ते दोनदा स्रवतं. आवडती जागा येण्याच्या थोडं आधी एका भागात, आणि ती जागा प्रत्यक्ष आली की दुसऱ्या भागात.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. माळ्यावर आढी घातलेली असते, पेंढ्यातून पिकलेल्या हापूसचा वास घरभर सुटतो आणि आंबा कापायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं. डोपामाइनला सरसकट ‘आनंदाचं रसायन’ म्हटलं जातं. त्याचं काम त्याहून विचित्र आहे. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं, तिच्याकडे ओढ लागणं, ‘आता मिळेल’ असं वाटणं, हे मुख्यतः त्याचं खातं. खाण्याच्या सुखाइतकाच किंवा त्याहून जास्त त्याचा हात वास येण्याच्या क्षणात असतो.

चांगल्या संगीतकाराला हे उपजत ठाऊक असतं. अंतरा वर चढत जातो, सूर कुठेतरी लटकत राहतो, वाद्यं क्षणभर थांबतात आणि मग ध्रुवपद परत येतं. ते येणार हे आपल्याला माहीत असतं, म्हणून तर मजा. प्रेमाचा चित्रपट हेच तीन तासांत करतो. दोघांनी भेटायचं हे पोस्टरवरच ठरलेलं असतं. मधला सगळा वेळ ते लांबवण्यासाठी असतो.

आता प्रत्यक्ष प्रेमात पडलेल्या मेंदूकडे बघू. हेलन फिशर, आर्थर ॲरन आणि लूसी ब्राऊन या अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये १७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे नव्याने आणि आकंठ प्रेमात पडलेले. एमआरआय यंत्रात झोपवून त्यांना प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवला, तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेला डोपामाइन तयार करणारा भाग आणि त्याच्याशी जोडलेला ओढीचा मार्ग उजळला. संगीताने जागी होते तीच यंत्रणा. प्रेमगीत ऐकताना आपण प्रेमातच आहोत असं वाटतं, समोर कुणी नसलं तरी वाटतं, त्यामागे ही शेजारधर्माची गोष्ट आहे. एकाच फीडरवरून दोन घरांना वीज जाते.

या अवस्थेत माणूस जरा ‘गेलेला’ असतो हेही तपासलं गेलं आहे. इटलीतल्या पिसा विद्यापीठात डोनातेला माराझ्झिती यांनी १९९९ मध्ये नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. त्यांच्या रक्तबिंबिकांमधलं सेरोटोनिनशी संबंधित एक प्रथिन कमी झालेलं आढळलं, जवळपास मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या रुग्णांइतकं. एकच विचार दिवसभर डोक्यात घोळत राहतो तो असा. यातल्या काही जणांना वर्ष-दीड वर्षाने परत बोलावलं, तेव्हा पातळी पूर्ववत झाली होती. अभ्यास अगदी छोटा, पण ज्यांच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली आहेत त्यांना निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही.

प्रेमगीतांवरच्या लेखांत आणखी एक प्रयोग हमखास सापडतो. फ्रान्समधल्या निकोला गेगें यांचा. प्रतीक्षागृहात प्रेमगीत वाजत असेल तर तरुणी अनोळखी तरुणाला फोन नंबर देण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, ५२ टक्के विरुद्ध २८ टक्के, असं त्यांनी २०१० मध्ये लिहिलं. ऐकायला फार छान. पण याच संशोधकांच्या अनेक प्रयोगांतल्या आकड्यांवर पुढे इतर शास्त्रज्ञांनी गंभीर शंका घेतल्या आणि त्यांचे काही निबंध मागेही घेतले गेले. तेव्हा हा दाखला कुठे वाचलात तर पुढे ढकलू नका. शेजारच्या दुकानात गाणं लावून कुणी नंबरची वाट बघत बसू नये.

गाणी माणसाला धरून ठेवतात याचे पुरावे मात्र भक्कम आहेत. ऐन तारुण्यात ऐकलेली गाणी आयुष्यभर सगळ्यांत ठळक राहतात, हे जगभर दिसून आलं आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये त्यात एक गमतीची भर घातली. कॉलेजातल्या मुलांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटतात हे अपेक्षितच होतं, पण आईवडिलांच्या तरुणपणातली गाणीही त्यांना तितकीच जवळची वाटत होती. घरात लहानपणी तीच वाजत होती ना! मंगेश पाडगावकरांचा जन्म वेंगुर्ल्याचा, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातला. त्यांची अरुण दातेंनी गायिलेली भावगीतं आज विशीतली नातवंडंही गुणगुणतात, ती आजीच्या रेडिओमुळे. मुलं मुंबईला आणि गावच्या घरात दोन म्हातारी माणसं, अशी वाडीत दर दोन घरांआड एक जोडी सापडते. त्यांच्यासाठी संध्याकाळचं एक जुनं गाणं हे औषधाच्या डब्याइतकंच कामाचं आहे.

उदास गाण्यांचंही तसंच. बर्लिनच्या लिला तारुफी आणि स्टेफान कोल्श यांनी ७७२ जणांना विचारलं, दुःखी गाणं ऐकून काय वाटतं? सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं. ती होती जुन्या दिवसांची हुरहुर. बहुतेकांना अशा गाण्याने हलकं वाटतं, सोबत मिळाल्यासारखं वाटतं.

बहुतेकांना. सगळ्यांना नाही.

गुत्त्यावरून जाणारा रस्ता

फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दुसरा अभ्यास केला. या वेळी यंत्रात झोपवलेले १५ जण नुकतेच नाकारले गेलेले होते आणि तरीही प्रेमात होते. जागेपणीचा ८५ टक्क्यांहून अधिक वेळ आपण त्याच व्यक्तीचा विचार करतो, असं त्यांनी सांगितलं. सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो दाखवल्यावर त्यांच्या मेंदूत काय दिसलं? ओढीची यंत्रणा विझली असेल असं आपल्याला वाटेल. ती जोरात चालू होती. कोकेनचं व्यसन असलेल्यांमध्ये तलफेच्या वेळी जे भाग जागे होतात त्यांतले काही इथेही जागे होते. शारीरिक वेदनेशी संबंधित भागही होते.

हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. ‘नाही’ हा शब्द ऐकल्यावर ओढ कमी होत नाही, काही काळ ती वाढते. ज्याला नाकारलं गेलं आहे तो मुलगा किंवा मुलगी नाटक करत नसते. जेवण जात नाही, झोप लागत नाही, हात आपोआप फोनकडे जातो. आपण म्हणतो, ‘एवढं काय त्यात, विसरून जा.’ तलफ लागलेल्या माणसाला ‘विसरून जा’ म्हणण्यात जितका अर्थ आहे तितकाच याही सल्ल्यात आहे.

अशा वेळी गाण्याचं काम बदलतं. दारू सोडणाऱ्या माणसाला आम्ही पहिलं काय सांगतो? गुत्त्यावरून जाणारा रस्ता काही दिवस बदला. ज्या गाण्यावर दोघांनी भाट्याच्या किनाऱ्यावर फोटो काढले, ते गाणं म्हणजे तो रस्ता. पूर्वी ते रेडिओवर कधीतरी लागायचं. आता फोन स्वतःहून लावतो, आणि तुम्ही ते पूर्ण ऐकलंत म्हणून त्याच जातीचं पुढचंही वाढून ठेवतो. एकच जखम परत परत उकरत बसण्याचा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांना उदास गाण्यांनी हलकं वाटण्याऐवजी जास्त खचायला होतं, हे सँड्रा गॅरिडो आणि एमरी शूबर्ट या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या अभ्यासांत दिसलं आहे. गंमत म्हणजे अशी माणसं तीच गाणी जास्त ऐकतात.

हे झालं स्वतःला होणाऱ्या त्रासाबद्दल. दुसऱ्याला होणारा त्रास चित्रपटाच्या एका ठरलेल्या साच्यातून येतो, आणि माझ्या मते आपल्या करमणुकीतली खरी चिंतेची जागा हीच आहे. नाच, मिठ्या, कपडे यांवर घरोघर बोललं जातं. या साच्यावर कुणी बोलत नाही.

साचा सगळ्यांना पाठ आहे. तो बघतो, ती बघत नाही. तो मागे जातो, ती चिडते. तो मित्रांना घेऊन तिच्या वाटेत उभा राहतो, गाणं सुरू होतं, गाण्याच्या शेवटी ती हसते. ‘हसली म्हणजे फसली’ ही म्हण आपल्याकडे चित्रपटाच्या आधीपासून असेलही, पण चित्रपटाने तिला चाल लावली. १९९३ च्या ‘डर’मध्ये पाठलाग करणारा माणूस कागदावर खलनायक होता. शिट्ट्या मात्र त्यालाच पडल्या. नायक कोण होता हे आज अनेकांना आठवून सांगावं लागतं.

आता हा साचा आणि वरचा अभ्यास शेजारी शेजारी ठेवून बघा. नाकारला गेलेला मुलगा आधीच तलफेच्या अवस्थेत आहे. चित्रपट त्याला सांगतो की तुझी ओढ जितकी जबर, तितकं तुझं प्रेम खरं, आणि खरं प्रेम शेवटी जिंकतं. म्हणजे त्याच्या त्रासालाच पुरावा ठरवून टाकतो. त्यात भर पडते अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची. पेटीतलं बटण दाबल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, अशी सोय केली की कबुतर अखंड बटण दाबत राहतं, हे बी. एफ. स्किनर यांनी दाखवून दिलं. रोज दाणा मिळाला असता तर ते इतकं चिकटलं नसतं. आपल्याकडच्या छोट्या गावात मुलीला चार लोकांत तुटकपणे बोलता येत नाही. मुलगा त्याच वाडीतला असतो, कधी भावकीतला, त्याची आई तिच्या आईबरोबर बचतगटात असते. मग ती भीतीने किंवा भिडेने एकदा हसते, मेसेजला एकदा ‘हो’ म्हणून उत्तर देते. तिच्या दृष्टीने ती सुटका असते. त्याच्या दृष्टीने तो दाणा असतो.

आणि तिच्या शरीरात काय चालू असतं? त्याच्या हृदयाचे ठोके वाढतात, तिचेही वाढतात. तिच्या बाबतीत ते भीतीमुळे. सतत कुणाची तरी चाहूल घेत राहणाऱ्या शरीरात ताणाची संप्रेरकं खाली उतरत नाहीत. झोप तुटते, पोटाच्या तक्रारी सुरू होतात, अभ्यास लक्षात राहत नाही, पाळी मागेपुढे होऊ शकते. ‘मुलगी अशक्त झाली आहे, टॉनिक लिहून द्या’ म्हणून आई घेऊन येते. पडद्यावर या बाजूचं गाणं कुणी केलेलं नाही.

चित्रपटाने असं खरंच होतं का, की हे आम्हा वडीलधाऱ्यांचं नेहमीचं रडगाणं? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जूलिया लिपमन यांनी ते तपासलं. सव्वाचारशेहून अधिक स्त्रियांना वेगवेगळ्या गटांत चित्रपट दाखवले. काहींत पाठलाग गोड, विनोदी होता, काहींत भयानक. भयानक पाठलाग पाहिलेल्यांमध्ये ‘पाठलाग म्हणजे प्रेमाचीच खूण’ अशा समजुती कमी आढळल्या. गोड पाठलागात रंगून गेलेल्यांमध्ये त्या वाढलेल्या दिसल्या. एका चित्रपटाने कुणी गुन्हेगार होत नाही. पण काय चालतं आणि काय चालत नाही याची रेघ थोडी सरकते, आणि आपण एक चित्रपट थोडाच पाहतो!

ही रेघ एकदा कोर्टातही गेली होती. जानेवारी २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्ट शहरात एका भारतीय तरुणावर दोन स्त्रियांचा पाठलाग केल्याचा खटला चालला. त्याच्या वकिलाने सांगितलं की हिंदी चित्रपट पाहून त्याला असंच वागायचं असतं असं वाटत होतं. न्यायाधीशांनी ही पार्श्वभूमी लक्षात घेतली, तुरुंगात न पाठवता पाच वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. त्यावर इकडे लोक हसले, चिडले. आपल्याकडे असा बचाव चालणार नाही. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार मागे जाणं, संपर्क साधत राहणं, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणं हा २०१३ पासून गुन्हा आहे. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कॉलेजातल्या किती मुलांना हे माहीत आहे, एकदा विचारून पाहा.

मध्यंतरानंतरचं आयुष्य

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत मुलं थिएटरात खुर्च्या सोडून नाचली. नाचली ती पहिल्या भागात. दुसऱ्या भागात नागराज मंजुळेंनी जे दाखवलं ते प्रेमाच्या चित्रपटात सहसा नसतं. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, कामाचे तास, घरची आठवण, संशय, भांडण, हात उगारला जाणं, निघून जाणं आणि परत फिरणं. माराझ्झितींच्या रक्ततपासणीत वर्षभराने जी पातळी पूर्ववत झाली, ती इथे पडद्यावर दिसते. अनेक मुलांनी मला मोबाइलमधली पहिल्या भागातली गाणी दाखवली आहेत. दुसरा भाग कुणी साठवून ठेवलेला नाही.

मध्यंतरानंतरचं आयुष्य कापून टाकायची आपली सवय जुनी आहे. थिबा राजवाडा पाहायला येणाऱ्या पाहुण्याला रत्नागिरीत एक प्रेमकथा हटकून ऐकायला मिळते, ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाची थोरली मुलगी आणि राजवाड्यातला एक स्थानिक नोकर. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच चित्रपट उभा राहतो. तो माणूस आधीच विवाहित होता, त्यांना टूटू नावाची मुलगी झाली, १९१६ मध्ये राजाचं निधन झालं, कुटुंब मायदेशी गेलं आणि ही राजकन्या लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली. पुढची वर्षं गरिबीत गेली. टूटू इथेच वाढली, इथेच संसार केला आणि २००० साली म्हातारी होऊन गेली. गोष्ट सांगणारे बहुतेक जण राजकन्येच्या प्रेमापाशी थांबतात. पुढचं कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

शेवट कसा दाखवला जातो यालाही वैद्यकीय महत्त्व आहे. जर्मन कवी ग्योथे यांच्या १७७४ मधल्या कादंबरीत प्रेमात निराश झालेला वेर्थर जीव देतो. त्याचं अनुकरण होतं म्हणून काही ठिकाणी पुस्तकावर बंदी आली होती. आत्महत्येच्या भडक वर्णनानंतर अनुकरण वाढतं, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये आकडेवारीने दाखवलं आणि त्याला वेर्थरचंच नाव दिलं. आपल्याकडे १९८१ च्या ‘एक दुजे के लिये’नंतर प्रेमी युगुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि चित्रपटाच्या शेवटावरून बरीच चर्चा झाली. याची दुसरी बाजू व्हिएन्नाच्या थॉमस नीडरक्रोटेनथालर यांनी २०१० मध्ये मांडली. ज्याच्या मनात मरणाचे विचार आले, पण जो त्यातून मार्ग काढून जगला, अशा माणसाची कहाणी छापून आली तर आत्महत्या कमी होताना दिसल्या. त्यांनी या परिणामाला मोत्सार्टच्या संगीत नाटकातल्या पापागेनोचं नाव दिलं. प्रेयसी हरवली म्हणून तो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं येऊन त्याला त्याच्याजवळच्या घंटा वाजवायची आठवण करून देतात. तेवढ्याने तो थांबतो.

मग हे चित्रपट बघायचेच नाहीत का? रोचेस्टर विद्यापीठाच्या रोनाल्ड रॉग यांच्या २०१३ च्या अभ्यासाचं उत्तर उलट आहे. १७४ नवविवाहित जोडपी घेतली. काहींना भांडण कसं सोडवावं याचे रीतसर वर्ग दिले. काहींना फक्त महिनाभरात नवरा-बायकोच्या नात्यावरचे पाच चित्रपट बघायला सांगितले आणि प्रत्येकानंतर काही ठरलेल्या प्रश्नांवर एकमेकांशी बोलायला सांगितलं. यातलं काहीच न केलेल्या जोडप्यांपैकी तीन वर्षांत २४ टक्के वेगळी झाली. चित्रपट बघून बोलणाऱ्यांत हे प्रमाण ११ टक्के होतं, वर्ग केलेल्यांइतकंच. जोडपी अमेरिकेतली होती, आपल्याकडे आकडे हेच येतील असं नाही. पण खर्च काय, पाच चित्रपट आणि चहा.

प्रश्न साधे होते. ते दोघं भांडताना एकमेकांना काय काय बोलले? माफी कुणी मागितली, मनापासून मागितली का? आपल्यात असं होतं का? मराठीत या कामाला ‘मुंबई-पुणे-मुंबई’ फार चांगला आहे. २०१० च्या या चित्रपटात दोन माणसं दिवसभर बोलतात, बाकी फारसं काही घडत नाही, आणि तरी तो प्रेमाचाच चित्रपट आहे.

घरात वयात आलेलं पोर असेल तर हाच प्रयोग सोफ्यावर होऊ शकतो. टीव्हीवर तो तिच्या मागे जाताना दिसला की बाबांनी चॅनल बदलू नये आणि आईने स्वयंपाकघरात जाऊ नये. ‘काय रे, ती नाही म्हणाली ना? मग आता ह्याने काय करायला हवं होतं?’ एवढंच विचारावं. पहिल्या दिवशी ‘काय गो आई, पिक्चर आहे तो’ एवढंच उत्तर येईल. येऊ दे. विषय घरात आलेला असतो. पुढे कधी मुलीच्या मागे कुणी लागलं, किंवा मुलाला कुणी नाकारलं, तर बोलायला जागा राहते. ज्या घरात प्रेम हा शब्दच ओरडा मिळवून देतो, तिथे मुलगी टॉनिक घेते आणि मुलगा गच्चीवर एकटा गाणी ऐकतो.

ज्याला नुकताच नकार मिळाला आहे त्याच्यासाठी थोडं. ती खास गाणी काही आठवडे फोनवरून काढून ठेवा, परत कधीही लावता येतील. तिचं किंवा त्याचं स्टेटस बघणं बंद करा. प्रत्येक बघणं म्हणजे तलफेला घातलेलं खतपाणी. रात्री फोन उशाशी नको. रोज घाम येईपर्यंत चाला, मांडवीची जेट्टी आहे, किनारा आहे. एका तरी माणसाला खरं सांगा. फिशर यांच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. नकाराला जितके जास्त दिवस उलटले होते, तितकी त्या व्यक्तीच्या मेंदूत जिव्हाळ्याशी निगडित भागातली हालचाल कमी झालेली होती.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक गेली असेल, कॉलेज किंवा काम सुटलं असेल, मरणाचे विचार येत असतील किंवा समोरच्याला ‘धडा शिकवावा’ असं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटायला थांबू नका. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत मिळते आणि मराठीत बोलता येतं. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत, त्यांतलं एक आपल्या रत्नागिरीत आहे. तिथला बाह्यरुग्ण विभाग झोप न लागणाऱ्या, रडू न थांबणाऱ्या साध्या माणसांसाठीही आहे. कुणी मागे लागलं असेल तर ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहे. फोन करण्याआधी त्याचे मेसेज पुसून टाकू नका.